खोली क्रमांक अठरा

बोराबाजाराच्या मागची गल्ली, सकाळचे साडेदहा.
इमारत उभी आहे, फक्त कागदावर पडलीय.
नोटीस आम्ही तीनदा चिकटवली
आणि तिन्ही वेळा कुणीतरी तिच्यावर
गणिताच्या शिकवणीची जाहिरात लावली.

आज मोजणी.
मी, माझा लेझर, तांडेलची शिडी,
दोन पंच (एक झेरॉक्सवाला, एक लिंबूसरबतवाला)
आणि कुलुपं काढायला इस्माईल परकार.
विकासकाचा माणूस विचारतो, "किती वेळ लागेल?"
परकार म्हणतो,
"कुलूप किती वर्षं रुसलंय, त्यावर आहे."

खोली एक. चार मिनिटं. आत काहीच नाही,
जमिनीवर कपाटाच्या पायांचे चार गोल.
खोली तीन. रबरी शिक्क्यांची खोकी.
तांडेलने एक उचलला, थुंकी लावून तळहातावर दाबला.
'माल पोचला' असं उमटलं.
दिवसभर पुसलं नाही ते.
खोली सहा. ताबा एकाचा, भाडेपावती दुसऱ्याची,
कोर्टात तिसराच.
खोली नऊचं दार ढकललं
तसा पंखा अर्धा फेरा फिरला.
मीटर कापून एकोणीस वर्षं झालीत.
सरबतवाला दोन पावलं मागे सरकला.

सतरा खोल्या झाल्या, दुपार झाली,
आणि बेरीज जमेना.
इमारत बाहेरून बासष्ट फूट.
आतून भिंती, जिना, लिफ्टचा खड्डा
सगळं धरून अठ्ठावन्न.
लेझर पुसला. पुन्हा लावला. अठ्ठावन्न.
चार फूट कुठेतरी बसून राहिले होते
आणि आम्हाला ओ देत नव्हते.

तांडेल भिंतीवर टकटक करत गेला.
लिफ्टच्या मागे आवाज बदलला.
प्लायवूड. वर चुना.
कुलूप नव्हतंच.

चार बाय साडेनऊ.
माणसाच्या लांबीची एक फळी, मधोमध खोलगट.
भिंतीत एक खिळा.
बसल्यावर डोकं जिथे टेकेल
तिथे तेलाचा काळसर गोल.
देव नाही, कॅलेंडर नाही, कागदाचा चिटोरा नाही.

"लिफ्टवाला राहायचा," सरबतवाला म्हणाला.
"नाव?"
"नाव कोण विचारतंय. लोक त्याला 'वर' म्हणायचे.
नाहीतर 'खाली'."

माझ्या फॉर्मवर रकाने आहेत:
मालक, भाडेकरू, पागडी, अनधिकृत, रिकामे.
रिकामे लिहायला कुणीतरी गेल्याची नोंद लागते.
तो आल्याचीच नाही.

"मॅडम, डक्टमध्ये टाका," विकासकाचा माणूस म्हणाला,
चांगल्या आवाजात, रागाने नाही.
"डक्टवर हरकत येत नाही.
आणि चौतीस मजल्यांत
अडतीस चौरस फूट म्हणजे काय हो?"

म्हणजे काय, ते मी मागच्या पानावर
इथल्या दराने गुणून पाहिलं.
त्या आकड्यात माझं विरारचं घर
मोरीसकट बसलं,
वीस वर्षांच्या हप्त्यांना मात्र
तिथे पाय पसरायला जागा नव्हती.
आकडा खोडला.

त्याला फोन आला, तो जिन्यात गेला.
मी लिहिलं:
खोली क्रमांक अठरा. क्षेत्र अडतीस.
वापर: झोप.
ताबेदार: 'वर', पूर्ण नाव माहीत नाही.

झेरॉक्सवाल्याने वाचून सही केली,
सरबतवाल्याने न वाचता.
साहेब उद्या ही ओळ काढतील. कदाचित नाही काढणार.
यादी लागेल, हरकतींना तीस दिवस,
आणि कोपऱ्यावर पुन्हा गणिताची शिकवणी.

परकार गुडघ्यावर बसून प्लायवूड परत लावत होता.
तांडेलने खिळे पुढे केले.
"खिळे नको," तो म्हणाला, "स्क्रू दे.
उद्या कुणी आलं तर
तोडावं लागू नये."

मग त्याने बिल केलं, माझ्याच पेनाने:
कुलुपं सतरा, दर दोनशे.
स्क्रू चार.
स्क्रूच्या पुढे त्याने आकडा टाकला नाही.